दोन कुलपांच्या आतला बाक

मित्रांनो, मी आलापल्लीच्या सागाचा एक जुना बाक आहे. चंद्रपुरात, किल्ल्याच्या तटाजवळ आमचे कौलारू चर्च होते. आज तिथे मोबाईलची दुकाने आहेत.

चर्चच्याच अंगणात सुताराने मला घडवले. बल्लारपूरहून सकाळच्या गाडीने येणारे कामगार, लाजणाऱ्या नवऱ्या, उपासनेत पेंगणारी मुले, सगळी माझ्यावर बसली. नाताळात मला तेल लावून पुसत. म्हातारे पाळक म्हणत, "हा बाक आपल्या मागं राहील." तसेच झाले, पण मला त्याचा आनंद नाही.

चर्चच्या मंडळीचा कारभार इंदुताई आणि त्यांचा धाकटा भाऊ अजय पाहत. नवा पाळक कोण, यावरून दोघांचे बिनसले. अजयने दाराला कुलूप ठोकले. इंदुताईंनी त्यावर आपले लावले. प्रकरण कोर्टात गेले आणि मंडळी पांगली.

पावसाळ्यात एक कौल सरकले. शेजारीण बाहेरून ओरडली, "इंदुताई, आत पाणी गळून राह्यलं!"

"आधी त्याले त्याचं कुलूप काढू द्या," इंदुताईंचा आवाज आला. अजयही तेच बोलला. मी आत भिजत राहिलो. पुढे तुळई कुजली आणि एक भिंत रस्त्यावर कोसळली. पाडणारी माणसे आली, तेव्हा दोन्ही कुलपे शाबूत होती.

जुन्या लाकडाच्या भावात विकला जाऊन मी गुलाम रसूल यांच्या सुतारखान्यात आलो. एका दुपारी इंदुताई मला शोधत तिथे आल्या.

"बाई, मी तं याच्या खिडक्या करून राह्यलो," ते म्हणाले.

"नका कापू, भाऊ."

"काऊन? तुमचा हाये का?"

"आमचा होता. आमच्याच हट्टानं गेला."

गुलाम रसूल यांनी करवत खाली ठेवली. इंदुताईंनी फोन करून अजयला बोलावले. त्या माझ्या एका टोकाला बसल्या. तो आला आणि माझ्या दुसऱ्या टोकाला टेकला. पाण्याने काळवंडलेल्या माझ्या पाठीवरून त्याने हात फिरवला.

"मी चढलो असतो ना, ताई. एकच कौल होतं."

"मी शिडी धरली असती रे," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

मित्रांनो, भांडण कोणाच्या घरात होत नाही? पण भांडतानाही आधी गळणारे छप्पर नीट करा. आम्हा मुक्या वस्तूंना कोणाची बाजू घेता येत नाही. आम्ही नुसत्या भिजत राहतो.