चिंधी बांधलेलं वांगं

पडद्यावर सुगंधाबाईंचे सुरकुतलेले हात एक मोठं हिरवं वांगं कुरवाळत होते आणि धुळ्याच्या कॉलेजचा हॉल अगदी गप्प झाला होता. शेवटच्या रांगेत अन्वरचा ऊर भरून आला. पंचवीस वर्षं अमळनेरात लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढण्यात गेली. पर्यावरण महोत्सवात स्वतःच्या नावाची फिल्म लागण्याची ही पहिलीच वेळ. विषय गावठी बियाण्याचा. आईनं दिलेलं भरताच्या वांग्याचं बी सुगंधाबाई चाळीस वर्षं जपत आल्या होत्या. अन्वर त्यांना अक्का म्हणायचा, आज मुद्दाम एसटीनं सोबत घेऊन आला होता.

टाळ्या थांबल्यावर महोत्सव भरवणाऱ्या मोहिनी मॅडमनी समोरून विचारलं, इथल्या लोकांना थोडं बी मिळेल का. अक्का पदर सावरत उठल्या.

"औंदा बी नही शे, ताई. फळ सडी गयं."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. अन्वर चमकला. सडलं कधी?

मग त्याला शूटिंगचा दिवस आठवला. हंगाम सरला होता, झाडं वाळायला लागली होती. बारकी वांगी कॅमेऱ्यात उठून दिसेनात. एकाच झाडावर एकच टपोरं वांगं होतं, देठाला लाल चिंधी बांधलेलं. नवरदेवाच्या कोटावरचा दोरा काढावा तशा सवयीनं अन्वरनं चिंधी सोडून फेकली, वांगं तोडलं आणि अक्कांच्या हातात ठेवलं. अक्का त्या वांग्यावरून हात फिरवत राहिल्या. काय सुंदर शॉट मिळाला म्हणून तो खूश झाला होता. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं त्याचं भरीत त्यानं दोनदा मागून खाल्लं होतं.

बियाण्याचं फळ झाडावरच पिकावं, कुणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधतात. त्याची दादी परसातल्या दुधीला बांधायची. लहानपणी कितीदा पाहिलं होतं, आणि ऐन वेळी डोळ्यांसमोर फक्त फ्रेम होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

स्टँडवर येईपर्यंत त्याची मान वर झाली नाही. शेवटी त्यानं विचारलंच, दुसरं बी ठेवलेलं असेल ना? अक्कांनी सांगितलं, मागच्या पोटलीला कीड लागली, सगळी भिस्त त्या एका फळावर होती.

"मग मला अडवलं का नाही, अक्का?"

"पाव्हनासले नही कसं म्हनू, भाऊ?"

"आणि तिथे सगळ्यांसमोर सडलं म्हणून का सांगितलं?"

"बठ्ठासमोर तुम्हनं नाव कसं लिऊ?"

यापेक्षा अक्कांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बस लागली. पायरीवर पाय ठेवता ठेवता त्या वळल्या.

"त्या वांगाना एक फोटू द्या. नातूले दखाडसू."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या अन्वर कॉम्प्युटरपुढे बसला. हातातलं वांगं, निखाऱ्यांवरचं वांगं, ताटातलं भरीत, सगळं भरपूर होतं. झाडावरचं मात्र एकाच शॉटमध्ये सापडलं, तेही जेमतेम सात सेकंद. मध्येच चिंधी येते म्हणून त्यानंच तो खराब ठरवून बाजूला टाकला होता.

त्यानं त्यातलीच एक फ्रेम मोठी करून छापायला लावली. लग्नाच्या फोटोंत तो नको ते सगळं पुसायचा. यातली चिंधी त्यानं तशीच ठेवली.