न्हाणीखालची मशीनगन

मी एक म्हातारी मशीनगन बोलतेय. दचकू नका. पोलिसांनी माझी नळी वेल्डिंग करून कायमची बुजवलीय. आता मी नुसतं लोखंडाचं धूड, आणि खरं सांगायचं तर पार थकलेली.

फिनलंडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. गोळ्या झाडून नळी तापते, म्हणून तिच्याभोवती पाण्याची टाकी असते. आमच्या लोकांनी त्या टाकीला भलंमोठं झाकण बसवलं, पाणी नसलं तर बर्फ कोंबता यावा म्हणून. एकोणचाळीस साली रशिया आमच्यावर चालून आला, त्या हिवाळ्यात बर्फाला काय तोटा!

माझ्यामागे बसायचा तावेत्ती, बावीस वर्षांचा शेतकरी. गोठलेल्या तळ्यावरून रशियाची पोरं रांगेनं चालत यायची. तो झाडायचा, ती पडायची, मागून दुसरी रांग यायची. एका सकाळी तो हमसून हमसून रडायला लागला, पण बोटं काही थांबली नाहीत.

चव्वेचाळीस साली लढाई थांबली. “शत्रू फिरून आला तर लागेल,” म्हणत पलटणीच्या साहेबांनी मला गुपचूप तावेत्तीच्या हवाली केलं. त्यानं मला घरच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, फळ्यांखाली पुरलं. नव्या नवरीला, लेम्पीलाही, सांगितलं नाही.

दर शनिवारी तो वाफ घ्यायला यायचा. एकटा असला की तापल्या दगडांवर पाणी टाकत पुटपुटायचा, “गंज बाई, लवकर गंज. तुझी माती झाली की मी सुटलो.” फळी उचलून बघायची मात्र त्याची कधी छाती झाली नाही.

मलाही गंजायचंच होतं. पण लेम्पीनं गंजू दिलं नाही. वर्षभरातच फरशी घासताना तिला मी सापडले. “एवढी जपून ठेवलीय, म्हणजे त्याच्या जिवाभावाची असणार,” ती स्वतःशीच म्हणाली. तेव्हापासून नाताळाआधी डुक्कर कापलं की ती फळी उचलून मला चरबी चोळायची. तो बोलत नाही, मग आपण कशाला विचारायचं? ही माणसं अशीच. नवराबायको एका बाकावर बसून तासभर घाम गाळतील, पण तोंडातून शब्द काढतील तर शपथ.

तावेत्ती गेला. लेम्पी नव्वदीला आली. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीनं, रायलीनं, कुजक्या फळ्या उचकटल्या आणि मी बाहेर आले. पोलिसांचं काम झाल्यावर मला विक्रीला काढलं.

केत्तुनेन नावाचा एक संग्राहक आला. मला उलटीपालटी करून हरखला. “मालकीणबाई, गंजाचा ठिपकासुद्धा नाही! एवढी राखली कुणी?”

“मी,” लेम्पीचा चेहरा उजळला. “डुकराची चरबी, वर्षाच्या वर्षाला. त्याची वस्तू होती ना.”

रायलीच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली. “आई, अगं काय केलंस तू! शेवटच्या आजारात बाबा मला म्हणाले होते, न्हाणीखाली माझं एक पाप पुरलंय, आईला सांगू नकोस. एव्हाना गंजून माती झालं असेल, आता सुखानं डोळे मिटतो. ही सापडेपर्यंत मला वाटायचं, तापात बडबडले असतील.”

लेम्पी केत्तुनेनकडे वळली. म्हणाली, “तुम्ही हिचं काय करणार?”

“काचेच्या कपाटात ठेवीन. दर महिन्याला तेल देईन.”

“मग नाही विकायची.”

“अहो, किंमत वाढवतो मी!”

“आणखी एक गोड पाव खा, आणि निघा.”

तो गेल्यावर तिनं पाणी उकळलं, साबण घेतला आणि माझ्या अंगावरची सगळी चरबी धुऊन काढली. “मेल्या, एकदा तरी बोलला असतास!” म्हणत रडत होती. मलाही फार वाईट वाटलं तिचं. रायलीनं मला न्हाणीमागे उघड्यावर नेऊन ठेवलं.

आता मी इथेच असते, गवतात. चार दिवस पाऊस लागून राहिलाय. येणारेजाणारे हळहळतात, एवढी किमती वस्तू! माझी हात जोडून विनंती आहे, दया येऊन कुणी मला पुसू नका. काल माझ्या पाठीवर पहिला तांबडा डाग उमटला. लेम्पी काठी टेकत आली, त्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “लागला रे गंज, तावेत्ती. नीज आता.”