पलीकडच्या काठावरचे बावीस जण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या भिंगात बुरशीची जाळी धरली आहे आणि मधलं चाक फिरवलं की किरकिरतं. पण मित्रांनो, एके काळी माझ्यातून पाहिलेलं कधी चुकत नसे. तरीही माझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं. तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकानदार भिंगं घासण्यात पटाईत. त्याचा एकुलता एक मुलगा दुकानात बसायला तयार नव्हता. त्याने सैन्यात नाव घातलं, तेव्हा बापाने दोन महिने अबोला धरला. त्याच दोन महिन्यांत तो मागच्या खोलीत बसून मला घडवत होता. मुलगा निघाला त्या दिवशी त्याने मला त्याच्या गळ्यात अडकवलं आणि एवढंच म्हणाला, "काय बघायचं ते लांबूनच बघ." मुलगा हसला. बाप मात्र नाक शिंकरायला आत निघून गेला.

मुलगा लेफ्टनंट झाला. सगळे त्याला साहेब म्हणू लागले, म्हणून मीही साहेबच म्हणते. साहेबांच्या पहिल्या तुकडीत भरघोस मिशांचा एक शिपाई होता. भरतीआधी तो शाळेत शिकवायचा, त्यामुळे त्याचं नाव पडलं मास्तर. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची घरची पत्रं मास्तर लिहून द्यायचा. कोणी रागाच्या भरात सासऱ्याला शिव्या घालायला सांगितल्या, तर मान डोलवायचा आणि पत्रात 'आपली तब्येत कशी आहे' असं लिहायचा.

गस्तीवर गेलेली माणसं परतायच्या वेळी साहेब टेकाडावर उभे राहत आणि माझ्यातून एकेक डोकं मोजत. आकडा पुरा झाल्याशिवाय ते जेवत नसत. एकदा दोन जण कमी भरले. ताट निवून गेलं तरी साहेब जागचे हलले नाहीत. शेवटी लांबवर मास्तर दिसला. पाय मुरगळलेल्या गड्याला त्याने पाठीवर घेतलं होतं.

"साहेब, पुढच्या वेळी हडकुळी माणसं पाठवा," वर पोचताच तो धापा टाकत म्हणाला.

ते माझे सुखाचे दिवस. साहेब रोज सकाळी मऊ फडक्याने माझी भिंगं पुसत. शिपाई म्हणत, साहेबांच्या दुर्बिणीला मुंगीसुद्धा चुकवता येत नाही.

मग साहेब चढत गेले. मेजर झाले, ब्रिगेडियर झाले, जनरल झाले. त्यांची खोली मोठी झाली, नकाशे भिंतभर झाले आणि टेबलावर तीन टेलिफोन आले. मी खुर्चीमागच्या खुंटीवर लटकू लागले. माणसं आता नकाशावरच्या रंगीत टाचण्या झाली होती. टाचणी बघायला दुर्बीण कशाला लागेल?

पुढे लढाई जुंपली. साहेबांचं सैन्य मागे हटत नदीपर्यंत आलं. नदीवर एकच पूल होता आणि अलीकडे माणसांनी भरलेलं गाव. मास्तर तेव्हा हवालदार झाला होता. पलीकडचा काठ दुपारपर्यंत धरून ठेवायचा आणि मग सगळ्यांच्या मागून पूल ओलांडायचा, असा त्याच्या तुकडीला हुकूम होता.

त्या दुपारी साहेबांनी कित्येक वर्षांनी मला खुंटीवरून काढलं. काठावरच्या उंचवट्यावर ते उभे राहिले. पलीकडे धुळीचा लोट उठला होता, त्यात शत्रूचे रणगाडे. आणि त्यांच्या पुढे, पुलाकडे येणारी मास्तरची तुकडी. सहा जखमींना झोळ्यांत घालून आणत होते, म्हणून पाय उचलत नव्हते. साहेबांचे ओठ हलू लागले. ते मोजत होते. बावीस.

पुलाला सुरुंग लावणारा अधिकारी बाजूला उभा होता. "साहेब, उडवू का? रणगाडे पुलावर आले तर गाव गेलं."

"थांब."

"साहेब, किती थांबू?"

मित्रांनो, मी लांबचं जवळ दाखवते. पण जवळ आणू शकत नाही. मास्तरच्या मिशांवरची धूळ मला दिसत होती, आणि त्याला हात देऊन एक पाऊलही पुढे ओढणं माझ्या हाती नव्हतं. रणगाडे पुलाच्या तोंडाशी त्यांच्याआधी पोचणार, हे साहेबांना कळलं.

"उडव," ते म्हणाले. माझ्या नळ्या त्यांनी इतक्या घट्ट धरल्या होत्या, की एकीवरचं चामडं फाटलं.

आवाज झाला. धूळ खाली बसली तेव्हा पूल नव्हता. पलीकडच्या काठावर मास्तर आपल्या माणसांना खाली बसवत होता. सगळे बसल्यावर तो स्वतः बसला. मग रणगाडे मध्ये आले. त्या बावीसांतला एकही परत आला नाही.

गाव वाचलं. दोन दिवसांनी अहवाल लिहायची वेळ आली. कचेरीतला एक हुशार अधिकारी कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं : 'जनरलसाहेबांनी दुर्बिणीतून स्वतः पाहणी केली. पलीकडच्या काठावर आपलं कोणीही नव्हतं.'

साहेबांनी ते वाचलं. बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं.

"साहेब, लोकांचा धीर टिकला पाहिजे," अधिकारी हळूच म्हणाला. "लढाई संपली की दुरुस्त करता येईल."

साहेबांनी सही केली. मी खुर्चीमागच्या खुंटीवर होते. ओरडावंसं वाटलं. पण दुर्बिणीला घसा नसतो.

लढाई संपली. दुरुस्ती कोणी केली नाही. साहेबांना पदक मिळालं, पुढे ते सगळ्या सैन्याचे प्रमुख झाले. निवृत्तीच्या दिवशी मला काचेच्या पेटीत घालून त्यांना भेट दिलं गेलं. खाली पितळी पट्टी होती आणि तिच्यावर त्या अहवालातलंच वाक्य. साहेबांच्या बैठकीच्या खोलीत मी वर्षानुवर्षं त्या वाक्यावर बसून राहिले. पाहुणे यायचे, वाचायचे, वा वा म्हणायचे. साहेब मात्र त्या भिंतीकडे पाठ करून बसत.

एक दिवस दुपारी एक बाई आली. पायांत जाड बूट, खांद्याला कापडी पिशवी. साहेबांच्या पत्नीने तिला पाणी दिलं.

"मी मोजणी खात्यात आहे," ती म्हणाली. "नदीवर नवा पूल होतोय, त्याची मोजणी माझ्याकडे आहे. मास्तर म्हणत ना, त्यांची मी मुलगी."

साहेब सावकाश ताठ बसले.

"तुम्ही उभे होतात तिथून बाबांच्या तुकडीने धरून ठेवलेल्या काठापर्यंत चारशे वीस मीटर भरतात. मी तीनदा मोजले. एवढ्यावरून चांगल्या दुर्बिणीतून मिशा दिसतात. बाबांच्या मिशा तर..." ती थांबली. "पूल का उडवला, हे मी विचारत नाही. गाव होतं मागे. पण तिथे कोणी नव्हतं असं तुम्ही लिहिलंत, म्हणून बाबांच्या नावापुढे 'हुकमाशिवाय तुकडी घेऊन निघून गेला' असं लागलं. शाळेत मला पळपुट्याची पोर म्हणायचे. तुम्हाला ते दिसले होते की नाही, एवढंच सांगा."

साहेबांच्या पत्नीने हातातला तांब्या खाली ठेवला. तिनेही हे कधी ऐकलं नव्हतं.

"दिसले," साहेब म्हणाले. "बावीसच्या बावीस दिसले, बाळ."

ती रडली नाही. "मग तसं लिहून द्या," म्हणाली.

त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं. महिन्याभराने कचेरीतून उत्तर आलं, की ते प्रकरण बंद झालेलं आहे. साहेबांनी पुन्हा लिहिलं. मग मला गळ्यात घालून ते स्वतः कचेरीत गेले. खुर्चीवरच्या अधिकाऱ्याने उठून सलाम ठोकला, चहा मागवला आणि पुष्कळ आदराने सांगितलं, "साहेब, आता तुमचं वय झालं. इतक्या वर्षांनी आठवणीत गफलत होते. अहवाल तर तुमच्याच सहीचा आहे."

ज्यांच्या एका शब्दावर पलटणी हलायच्या, त्या माणसाला एक ओळ हलवता येईना. साहेबांनी चहाला हात लावला नाही.

तिथून ते गाडी करून मास्तरच्या मुलीच्या घरी गेले. "सरकार ऐकत नाही," ते दारातूनच म्हणाले. "दुसऱ्या कोणाला सांगू ते सांग."

तिने थोडा विचार केला आणि त्यांना समोरच्या घरी नेलं. तिथे एक म्हातारा शिंपी राहायचा. त्याची जीभ मोठी तिखट. पळपुट्याची पोर हे नाव पहिल्यांदा त्यानेच पाडलं होतं. पण आता त्याला ऐकू कमी येत होतं.

साहेबांनी हात जोडले. "मास्तर पळाले नव्हते."

"काय म्हणतात?" शिंप्याने कानामागे हात धरला.

"मास्तर पळाले नव्हते!"

"कोण मेलं नव्हतं?"

तेव्हा साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात ओरडले, "मास्तर पळाला नव्हता! मी त्याला पाहिलं! मी खोटं लिहिलं!"

गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. जिन्यावर माणसं थांबली. म्हातारा शिंपी उठून उभा राहिला. त्याच्या मांडीवरचं कापड खाली पडलं, पण त्याने ते उचललं नाही. मास्तरच्या मुलीने भिंतीला हात टेकला आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

त्या हिवाळ्यात साहेब वारले. जाण्याआधी त्यांनी मला तिच्या स्वाधीन केलं. कचेरीतली ती ओळ अजून आहे तशीच आहे. मास्तरची मुलगी दर वर्षी अर्ज करते आणि दर वर्षी पोच येते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू कोरड्या जागी ठेवाव्यात, सदऱ्याच्या टोकाने भिंगं पुसू नयेत, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. आम्ही फक्त दाखवतो. आम्हाला बोलता येत नाही. जे पाहिलं ते तुम्हालाच सांगावं लागतं, आणि शाई ओली आहे तोवर सांगावं लागतं. ती एकदा वाळली, की पुसायला जनरलचेही हात पुरत नाहीत.