वाया गेलेले धडे

"आई, कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसतंय का? त्यावर राइट क्लिक कर आणि डबा रिकामा कर."

"करते. पण आधी बघू तरी दे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

आमोद हिंजवडीच्या ऑफिसातून फोनवर होता आणि त्याला मीटिंगची घाई होती. इकडे कोथरूडच्या घरी सरोजिनीबाई अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. लॅपटॉप आमोदचाच जुना, जीव एवढासा. आज त्याने जागा नाही म्हणून हात वर केले होते. त्यांतल्याच बारावीच्या तनयाचा उद्या भूगोलाचा पेपर आणि शेवटचा धडा अजून वाचायचाच होता.

"अगं, अर्धी जागा त्या डब्यानंच खाल्लीय! डिलीट केलेलं सगळं त्यातच पडून आहे."

"लगेच कशाला टाकायचं? लागलं म्हणजे?"

रद्दीसुद्धा वर्षभर माळ्यावर मुरवणारं घर ते! डब्यात आहे तोवर वस्तू आपलीच, अशी बाईंची समजूत.

"बिघडलेली रेकॉर्डिंग्ज कुणाला लागतायत, आई? टाक. ठेवतो."

बाईंनी क्लिक केलं. कायमचं काढून टाकू का, असं लॅपटॉपने विचारलं. त्या 'कायमचं'पाशी त्यांचा हात अडला. एक तरी ऐकावं म्हणून त्यांनी एक फाइल डब्यातून बाहेर काढून लावली.

त्यांचाच आवाज भरभर मोसमी वारे वाचत होता. त्या रेकॉर्डिंगमध्येच मागून दुसरा आवाज आला, "अगं, जरा सावकाश! गाडी सुटणार आहे का तुझी?"

"झालं! बिघडवलंत ना? आता पुन्हा पहिल्यापासून!"

"वाच की. मी कुठे चाललोय? इथेच बसलोय."

खिडकीजवळच्या खुर्चीत बाईंच्या यजमानांनी, यज्ञेश्वरांनी, मान वर केली. भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. गेल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, आणि तेव्हापासून 'हं' एवढाच शब्द त्यांच्यापाशी उरला होता. आपलाच आवाज ऐकून त्यांना वाईट वाटेल, या धास्तीने बाई बंद करायला धावल्या. पण ते अर्ध्या ओठाने हसत होते. डोळे भरून आले होते. त्यांनी एक बोट वर केलं. अजून एक लाव.

बाईंनी अजून एक लावलं. मग अजून एक. जे जे बिघडलं होतं, ते सगळं यांनीच बिघडवलेलं. तेव्हा किती चिडायचो आपण!

त्यांनी डब्यातलं सगळं परत बाहेर काढून ठेवलं. मग नीट झालेल्या पुस्तकांचं फोल्डर उघडलं. ती पुस्तकं केव्हाच वाचनालयात पोचली होती, मुलं ऐकत होती. घरी ती कशाला हवीत? एकही चूक नसलेला स्वतःचा तो आवाज त्यांनी डब्यात टाकला आणि या वेळी डबाही रिकामा केला. कायमचं? हो, कायमचं.

मग पंखा बंद करून त्या धडा वाचायला बसल्या. या सगळ्यात बराच वेळ गेला होता, त्यामुळे वाचन भरधाव सुटलं. दुसऱ्याच परिच्छेदाला फरशीवर काठी वाजली. यज्ञेश्वर हाताने खुणावत होते, सावकाश.

"झालं! बिघडवलंत ना?" बाई म्हणाल्या आणि रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून उत्तरासाठी थांबल्या.

"हं," ते म्हणाले.

ती फाइल त्यांनी वाया गेलेल्यांत जपून ठेवली, आणि तनयाचा धडा पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचायला घेतला.