काय सोडू?

तेलगावच्या शिवारात उत्तरेश्वरचा ट्रॅक्टर त्याच्या लिफ्टपायी, म्हणजे मागचे अवजार उचलणाऱ्या भागापायी, बदनाम होता. इंजिन खणखणीत होते. खोड होती ती मागच्या अंगाला. लिफ्टचा लिव्हर ओढावा, मग तंबाखू काढावी, तिला चुना लावावा, ती निवांत मळून गालात ठेवावी, आणि तेव्हा कुठे मागचा रोटाव्हेटर, माती फोडणारे पात्यांचे अवजार, कण्हत जमीन सोडी. या विलंबाला उत्तरेश्वर म्हातारपण म्हणे. त्याचा मेहुणा अभिमन्यू त्याला आळस म्हणे, आणि तोही ट्रॅक्टरचा नव्हे, मालकाचा. कारण हायड्रोलिकचे ऑइल आणि फिल्टर शेवटी कधी बदलले, असे विचारले की दाजी आभाळाकडे पाहत.

कापसाची पऱ्हाटी उपटून रान मोकळे झाले होते. त्यात रोटाव्हेटर घालायच्या आधी हे काम एकदाचे उरकावे म्हणून उत्तरेश्वरच्या बायकोने, सत्यशीलेने, आपल्या भावाला चौसाळ्याहून बोलावून घेतले. अभिमन्यूला यंत्रातले कळत असे, पण घरोघरी त्याची ख्याती वेगळ्याच कारणाने होती. त्याला कोणतेही काम सांगा, तो आधी प्रश्न विचारी. पाणी आण म्हटले, तर पिण्याचे की हातपाय धुण्याचे? दार लाव म्हटले, तर कडी घालू की नुसते ओढून घेऊ? लहानपणी या सवयीपायी त्याने आईच्या हातचे धपाटे खाल्ले होते, आणि चाळिशी ओलांडली तरी सवय होती तिथेच होती. उत्तरेश्वर त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणे, आणि मेहुण्याची थट्टा हा दाजीचा हक्कच असल्यामुळे ते कोणी मनावर घेत नसे.

दिवस वर आला तसे घरासमोरच्या शेडपाशी काम सुरू झाले. इंजिन थोडा वेळ चालवून ऑइल कोमट केले, रोटाव्हेटर जमिनीला टेकवला, खालचा बोल्ट काढला. घमेल्यात जे पडू लागले त्याला ऑइल म्हणायला जीभ धजत नव्हती. पाणी शिरून शिरून ते ताकासारखे पांढरट झाले होते. अभिमन्यू काही बोलला नाही, आणि हे न बोलणे उत्तरेश्वरला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

फिल्टरचे झाकण होते मागच्या अंगाला, अगदी खाली. ते काढल्यावर आतला फिल्टर आणि त्यामागची जाळी बाहेर आली. जाळीवर काळा चिकट थर बसला होता. ती डिझेलने धुतली आणि पुसायची वेळ आली, तेव्हा दिवसातला पहिला खटका उडाला. शेडच्या कोपऱ्यात फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा, कापूस पडून होता. उत्तरेश्वरने त्यातला मूठभर उचलला. त्या भागात ग्रीस पुसण्यापासून जखम झाकण्यापर्यंत सगळ्याला हाताशी कापूसच असतो. अभिमन्यूने त्याचे मनगट धरले. कापसाचे तंतू जाळीत राहतील, ऑइलबरोबर आत जातील, आणि नवा फिल्टर आठ दिवसांत जुन्याच्या पंगतीला बसेल, हे त्याने शांतपणे सांगितले, मग पुन्हा सांगितले, आणि तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा उत्तरेश्वरने कापूस फेकून दिला. सत्यशीलेने जुन्या धोतराचे धुवट फडके आणून दिले. दाजीने आपली हार दुसरीकडे भरून काढली: झाकणाची फट बंद करणारे पॅकिंग जुनेच बसवायचे, नव्याची काही गरज नाही. एक बाजू जिंकलेल्या अभिमन्यूने दुसरी सोडून दिली. हीच त्याची पहिली चूक.

नवे ऑइल भरले. अभिमन्यू सीटवर बसला आणि उत्तरेश्वर मागच्या चाकाशी उभा राहिला. आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून लिफ्ट काही वेळा वर-खाली करायची होती. या कामाचे हुकूम दोनच: ‘उचल’ आणि ‘सोड’. ट्रॅक्टरवर वाढलेल्या माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. पण अभिमन्यू पडला अभिमन्यू. पहिल्याच ‘सोड’ला त्याने मान वळवून विचारले, “लिफ्ट सोडू?”

“न्हाई, शेजारच्याची म्हैस सोड,” उत्तरेश्वर म्हणाला.

शेडमध्ये शेंगा निवडत बसलेली सत्यशीला हसली. अभिमन्यूने लिफ्ट सोडली. पुन्हा ‘उचल’ झाले, पुन्हा ‘सोड’, आणि त्याने पुन्हा विचारले. आता मात्र उत्तरेश्वर चाकापासून पुढे आला आणि थट्टेचा सूर बाजूला ठेवून म्हणाला, “हे बघ. म्या सोड म्हणलं की सोडायचं. आता इचारू नको. सकाळधरून लई इचारलंस.”

सकाळपासूनच्या कापसाचा, पांढऱ्या ऑइलचा आणि मेहुण्याच्या मौनाचा हिशेब त्या वाक्यात होता. अभिमन्यूला तो कळला. दाजीच्या दारात, बहिणीसमोर, आणखी ताणायचे नाही असे त्याने ठरवले आणि मान डोलावली. पुढच्या हाकांना त्याचा हात न विचारता हलला. उचल, सोड. उचल, सोड. लिफ्ट आता लिव्हरच्या मागे सावलीसारखी धावत होती. तंबाखूच्या चिमटीइतकाही अवधी मध्ये उरला नव्हता. उत्तरेश्वरच्या चेहऱ्यावर लपवूनही समाधान दिसत होते.

आणि तेवढ्यात झाकणाच्या कडेला ऑइलचा थेंब फुगला आणि खाली पडला.

जुन्या पॅकिंगने घात केला होता. उत्तरेश्वरने ते मान्य केले नाही. एखादा बोल्ट ढिला असेल, म्हणाला. त्याने रोटाव्हेटर वर उचलून धरायला लावला, खाली पोते अंथरले आणि पाना घेऊन मागून आत सरकला. त्याचे डोके फिल्टरच्या झाकणाखाली गेले. छातीपासून खालचा देह रोटाव्हेटरच्या पात्यांखाली राहिला. पाती फिरत नव्हती, त्यांना फिरवणारा दांडा आधीच काढून ठेवला होता. पण ते लोखंड उचलायला चार माणसे पुरली नसती, आणि ते वर राहिले होते केवळ ऑइलच्या दाबावर आणि अभिमन्यूच्या उजव्या हातावर.

शेडच्या भिंतीला बाभळीचा ओंडका टेकून ठेवलेला होता. अभिमन्यूने सीटवरूनच सांगितले, दाजी, इंजिन बंद करतो, आधी रोटाव्हेटरखाली टेकूला ओंडका लावू. इंजिन बंद केले तर गळती दिसणार कशी, असे खालून उत्तर आले. मग इंजिन चालू ठेवू, पण ओंडका लावू. खालून काही नाही. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेले नसेल म्हणून अभिमन्यूने जोर लावून पुन्हा सांगितले. सत्यशीलेने शेंगांचे सूप खाली ठेवले.

“दाजी, ओंडका लावू द्या. बोल्ट कुठं पळून जातोय?”

पोत्यावरच्या पायांची बोटे आखडली. पाना बोल्टवरून निसटला असावा, कारण आधी लोखंडाचा खणकन आवाज आला, मग एक शिवी, आणि शिवीमागून इंजिनाच्या घरघरीतून एकच शब्द स्वच्छ वर आला:

“सोड!”

अभिमन्यूच्या मनाने तो शब्द ऐकण्याआधी हाताने ऐकला. इतका वेळ प्रश्न न विचारता हलायला शिकवलेल्या हाताने लिव्हर ढकलला.

रोटाव्हेटर खाली निघाला.

मागे वळलेल्या अभिमन्यूला प्रथम दिसली ती पाती नव्हेत, पोत्यावरची दोन उघडी पावले दिसली. टाचांच्या भेगांत पांढुरके ऑइल वाळले होते. त्याने दोन्ही हातांनी लिव्हर मागे खेचला. आणि त्याच क्षणी त्याच्या तळव्याला तो जुना विलंब आठवला. या ट्रॅक्टरची लिफ्ट ओढल्याबरोबर कधी उचलत नाही. तंबाखू काढावी, चुना लावावा. तो अवधी त्याच्या हाताला वर्षानुवर्षांचा पाठ होता, आणि तो आता येणार होता.

तो आला नाही. लोखंड जिथे होते तिथे थबकले, किंचित थरथरले आणि वर निघाले.

सत्यशीला एव्हाना ओंडक्यापाशी पोचली होती. तिने तो पायाने ढकलत आणला आणि दोन्ही हातांनी रोटाव्हेटरखाली उभा केला. कोणाला काही विचारले नाही, कोणाला काही सांगितले नाही. मग तिने नवऱ्याच्या घोट्याला धरले आणि ओढले. उत्तरेश्वर पोत्यासकट बाहेर आला. सदऱ्यावर, बेंबीच्या जरा वर, पात्याच्या मातीचा आडवा ठसा उमटला होता. कापड फाटले नव्हते. तो ठसा उत्तरेश्वर बोटाने चाचपीत राहिला, जणू दुसऱ्या कोणाच्या अंगावरचा असावा.

अभिमन्यूने इंजिन बंद केले. शांततेत झाकणातून थेंब पडल्याचा आवाज ऐकू आला.

उत्तरेश्वरने सांगितले ते एवढेच, की त्याला ओंडक्याचा विषय सोड असे म्हणायचे होते. अभिमन्यूने सांगितले की त्याला लिफ्ट सोड असे ऐकू आले. दोघांचेही खरे होते, आणि त्या खरेपणानेच दोघांना घाम फुटला होता.

“इचारलं कावून न्हाईस?” उत्तरेश्वर म्हणाला. आवाजात राग नव्हता.

“तुमीच म्हणलतात, इचारू नको.”

उत्तरेश्वर उठला, शेडमध्ये गेला, आणि सकाळी ज्या नव्या पॅकिंगला त्याने नाके मुरडली होती ते पिशवीतून स्वतः काढून आणले. नवे ऑइल धुतलेल्या घमेल्यात उतरवले, आणि इंजिन बंद, ओंडका खाली, अशा स्थितीत तो पुन्हा आत शिरला. या वेळी त्याने बोल्ट आवळताना शिवी दिली नाही. वर बसलेल्या अभिमन्यूने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

काम संपले, ऑइल पुन्हा भरले. झाकण फडक्याने पुसून पाहिले, फडके कोरडे निघाले. इंजिन सुरू झाले, लिफ्टने लोखंड ओंडक्यावरून थोडे उचलून धरले. उत्तरेश्वर चाकाशी उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, “सोड.”

अभिमन्यूचा हात लिव्हरवर होता. तो हलला नाही.

“काय सोडू, दाजी?”

उत्तरेश्वरने म्हैस काढली नाही, वकील काढला नाही. त्याने रोटाव्हेटरखाली वाकून पाहिले. मग बायको कुठे आहे ते पाहिले. तिला हाताने चार पावले मागे सारले, स्वतः ओंडका काढून भिंतीला नेऊन टेकवला, परत आपल्या जागी आला, आणि शब्द वेचून वेचून बोलला: “खाली कुणी न्हाई. ओंडका म्या काढला हाय. आता लिफ्ट सोड, पर दमानं.”

एवढे सविस्तर बोलणे सत्यशीलेने नवऱ्याच्या तोंडून संसारात कधी ऐकले नव्हते. ती हसणार होती. पण तिची नजर त्याच्या सदऱ्यावरच्या मातीच्या रेघेवर गेली आणि हसू राहून गेले.

अभिमन्यूने लिव्हर ढकलला, आणि लोखंड सावकाश जमिनीला टेकले.