शुक्रवारच्या वर्गातली शंकापेटी

जरा हळू उघडा हं. खाली आज इस्त्रीचं काम जोरात आहे आणि वाफेनं माझं झाकण फुगलंय. ओढाताण केलीत की बिजागरी अशी किंचाळते, की अख्खा वर्ग मान वर करून बघतो. मला मेलीला लाजल्यासारखं होतं. मी शंकापेटी. ज्यांना इंग्रजीचं काही अडतं, पण तोंडानं विचारायची लाज वाटते, त्यांच्या चिठ्ठ्या पोटात घेणारी.

खरं म्हणजे मी व्हायची होते दानपेटी. एका सुतारदादानं मोठ्या भक्तिभावानं मला घडवलं. जाड फळ्या, पितळेची कडी, कोपरे घासून गुळगुळीत केलेले. एका प्रार्थनागृहाच्या दाराशी मी बसणार होते. पण सुतारदादाला बोलायची भारी हौस. कुणाशी तरी गप्पा मारता मारता वरची फट त्यानं चांगली ऐसपैस कापली. न्यायला आलेल्या माणसानं फटीत हात घालून बघितला, तो मनगटापर्यंत आत गेला.

"दादा, टाकायला येणारे यातून काढायलाही येतील हो," तो म्हणाला आणि मला तिथंच ठेवून गेला.

मग कितीतरी काळ मी दुकानाच्या कोपऱ्यात खिळे सांभाळत बसले. देवाच्या दारी बसायचं स्वप्न बघावं आणि पोटात गंजके खिळे यावेत, याचं वाईट वाटायचंच. एकदा बाई बाकाचा पाय दुरुस्त करून घ्यायला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज मऊ, पण नजर अशी की समोरच्यानं आपोआप ताठ बसावं. मला बघून म्हणाल्या, "ही मला द्या. माझ्याकडे येणाऱ्यांचा हात विचारताना फार आखडतो. फट रुंदच बरी."

अशी मी या खोलीत आले. खाली लॉन्ड्री, वर आमचा वर्ग. जमीन कायम कोमट, हवेला खळीचा वास. शिकणारे सगळे मोठे, संसारी. ड्रायव्हरकाका, जन्मभर बस चालवून आता निवांत झालेले. टेलरताई, गळ्यात टेप घेऊनच येणाऱ्या. आणखी पाच-सहा जण. बाईंचे नेम दोनच. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, आणि वर्ग सुरू झाला की सगळ्यांचे फोन आवाज बंद करून माझ्या डोक्यावर ठेवायचे. म्हणजे पोटात शंका आणि डोक्यावर फोन, असा माझा थाट.

शंका तरी किती तऱ्हेच्या! 'सिन्स' कधी आणि 'फॉर' कधी? 'बॉरो' म्हणजे घेणं की देणं? चुलतभावाला 'कझिन ब्रदर' म्हटलं तर परदेशी माणसं का हसतात? एकदा चिठ्ठी निघाली, "नातू स्पर्धेत कितवा आला हे इंग्रजीत कसं विचारायचं?" बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "'कितवा'ला इंग्रजीत सरळ शब्दच नाही. वळसा घालून विचारावं लागतं."

"मग एवढी मोठी भाषा काय कामाची!" ड्रायव्हरकाका उसळले. नातू कुणाचा ते सगळ्यांना कळलं. पण नेम म्हणजे नेम, कुणी काही बोललं नाही. टेलरताईंनी तेवढं तोंडात टेप धरून हसू दाबलं.

या चिठ्ठ्या वागवता वागवता मला एक कळलं. माणूस व्याकरण विचारतो ते बहुतेक वेळा कुणासाठी तरी. कुणाला नातवाशी बोलायचं असतं, कुणाला गिऱ्हाइकाशी. शब्द अडतो, पण त्याच्या पलीकडे एक माणूस उभं असतं.

काकूंच्या बाबतीत ते माणूस म्हणजे त्यांची विहीण.

एका शुक्रवारी वर्ग लांबला, दिवेलागण होऊन गेली, तेव्हा काकू नाव घालायला आल्या आणि मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. कोमट दुधासारखा आवाज. बाईंना म्हणाल्या, "लेकीनं दूरदेशी लग्न केलं. जावई गुणाचा आहे. पण त्याच्या आईची भाषा वेगळी, माझी वेगळी. लग्नात आम्ही दोघी दिवसभर नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होतो. रात्री गाल दुखायला लागले हो माझे! आता लेकीला दिवस गेलेत. तब्येत नाजूक आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. सध्या विहीणबाई तिचं सगळं करतात. बाळंतपण झालं की मी जाईन. एका स्वयंपाकघरात दोघी मुक्यानं कशा वावरणार? त्यांनाही इंग्रजी थोडंथोडंच येतं म्हणे. मला तेवढं शिकवा, की त्यांच्याशी दोन शब्द बोलता येतील."

"शिकवते की. शुक्रवारी दुपारी या," बाई म्हणाल्या.

काकूंचा चेहरा उतरला. "शुक्रवारी माझं मौन असतं."

झालं होतं असं, की लेकीनं गोड बातमी दिली तो शुक्रवार होता. त्याच दिवशी काकूंनी देवापुढे शब्द दिला, की लेक सुखरूप मोकळी होईपर्यंत दर शुक्रवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी एक अक्षर बोलणार नाही. आणि आमचा वर्गही नेमका शुक्रवारचा. बाकीचे वार खोली दुसऱ्या कुणाकडे असते.

"अहो, देवाला सांगून वार बदलून घ्या. तो काही हजेरी मांडून बसलेला नाही," टेलरताई म्हणाल्या.

"दिलेला वार बदलायचा नसतो," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी गप्प बसून शिकेन."

आणि खरंच शिकल्या. बोलणं शिकायला आल्या आणि तोंडात गुळणी धरून बसल्या! बाकीचे मोठ्यानं वाक्यं घोकायचे, काकूंचे नुसते ओठ हलायचे. टेलरताईंनी त्यांचं नाव 'गप्पकाकू' पाडलं. काकू त्यावरही मान डोलावून हसायच्या. घरी सराव करता का, असं एकदा बाईंनी विचारलं, तर काकूंनी कागदावर लिहिलं, "हे म्हणतात, माझ्याशी मराठीतच भांड. म्हणून कणीक मळताना भिंतीशी बोलते."

त्यांचा सगळा भार माझ्यावर. चिठ्ठी टाकण्याआधी त्या मला हात लावून तो कपाळाला टेकवायच्या. सुतारदादानं मला कशासाठी घडवलं होतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण हातांना कळत असावं. पहिल्यांदा त्यांनी तसं केलं तेव्हा माझ्या फळ्या मोहरल्या. ड्रायव्हरकाका मात्र म्हणाले, "काकू, ही शंकापेटी आहे, नवसाची नव्हे." पुढच्याच शुक्रवारी तेही गुपचूप हात लावून गेले. आता सगळेच लावतात.

काकूंच्या चिठ्ठ्या न ओळखणं कठीणच होतं. "विहीण या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात?" बाई म्हणाल्या, "एका शब्दात काही नाही. माझ्या मुलीची सासू, असं लांबलचक सांगावं लागतं." त्या दिवशी काकू हिरमुसल्या. जिच्या हातात लेक सोपवली, तिला हाक मारायला शब्दच नसावा!

मग पुढची चिठ्ठी. "विहीणबाईंना 'यू' म्हटलं तर एकेरी वाटेल का? आदराचा 'यू' कोणता?"

कुणी हसलं नाही. बाईंनी फळ्यावर मोठा 'यू' काढला. म्हणाल्या, "इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मान शब्दात नसतो तिथं. तो आवाजात घालायचा असतो."

काकूंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. माझ्या मनात आलं, काकू, तुमच्या आवाजाला तर कुलूप आहे. मान घालणार कशात?

बाळंतपणाला अजून अवकाश होता, तेव्हाची गोष्ट. शुक्रवारच. ड्रायव्हरकाका फळ्याशी उभे राहून 'मी काल बाजारात गेलो होतो' जुळवत होते. एवढ्यात माझ्या डोक्यावरचा एक फोन थरथरायला लागला. काकूंचा. बाईंनी वाकून बघितलं आणि लगेच तो त्यांच्या हातात दिला. लेकीचा नंबर होता.

काकूंनी घाईत कुठंतरी बोट दाबलं आणि आवाज खोलीभर झाला. लेक नव्हती. विहीणबाई होत्या. रडत होत्या.

"मदर? मदर, हॉस्पिटल. बेबी कम नाऊ. टू अर्ली. डॉक्टर टेक हर इनसाइड. माय सन, फार अवे. ट्रेन. आय अलोन. आय हॅव फिअर. प्लीज, से समथिंग."

त्यांचंही इंग्रजी आमच्यासारखंच. ठिकठिकाणी ठिगळं लावलेलं. पण कुणाला कळलं नाही असं नव्हतं. दिवस भरायच्या आत लेकीला आत नेलं होतं, जावई वाटेत होता आणि विहीणबाई परक्यासारख्या एकट्या दारात बसल्या होत्या.

काकूंनी तोंडावर हात दाबला. टेलरताई धावल्या. फोनवर वाकून ओरडल्या, "हॅलो! शी नो स्पीक! टुडे फ्रायडे!"

"फ्रायडे?" पलीकडून घाबराघुबरा आवाज आला. "व्हाय फ्रायडे? मदर ओके?"

"ताई, तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढं केला. "काकू, द्या इकडे. तुमच्या वतीनं मी बोलते. तुमचं मौन राहील."

किती सोपं होतं ते! बाईंचं इंग्रजी पाण्यासारखं. पण काकूंनी फोन दिला नाही. त्यांच्या डोळ्यांत काय चाललं होतं ते मला दिसत होतं. लेकीसाठी देवाला दिलेला शब्द, आणि तो नेमका आज, लेक आत असताना मोडायचा? काही वेडंवाकडं झालं तर? दुसरीकडे विहीणबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मदर? यू देअर? मदर?"

काकू माझ्याजवळ आल्या. माझ्यावर हात ठेवला, तो कपाळाला लावला. चिठ्ठी नव्हती त्यांच्या हातात. डोळे मिटले आणि बोलल्या.

"ताई."

तोच कोमट दुधासारखा आवाज. थोडा कापरा.

"ताई, आय हिअर. यू नॉट अलोन. यू सिट. सिट, ताई. यू ड्रिंक वॉटर?"

पलीकडे हुंदका थांबला. "नो वॉटर."

"ड्रिंक. स्लोली. आय वेट."

पाणी पिण्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग काकू बोलतच राहिल्या. भिंतीला सांगितलेली सगळी वाक्यं तुटकी-फुटकी होऊन बाहेर येत होती. "यू गुड मदर. माय डॉटर, युवर डॉटर. आय प्रे. यू आल्सो प्रे. यू युवर लँग्वेज, आय माय लँग्वेज. गॉड अंडरस्टँड ऑल." क्रियापदं कुठच्या कुठं हरवत होती. पण 'यू' म्हणताना त्या एवढ्या मानानं म्हणत होत्या, की समोर पाट मांडून बसवल्यासारखं वाटावं. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. एकही चूक त्यांनी काढली नाही.

दोघी आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणत राहिल्या. मग पलीकडे कुणीतरी विहीणबाईंना हाक मारली आणि फोन बंद झाला.

काकू मटकन बाकावर बसल्या. "मोडलं हो माझं मौन," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "ऐन वेळी मोडलं."

ड्रायव्हरकाका खडू हातात घेऊन तसेच उभे होते. म्हणाले, "काकू, गप्प बसत होतात ते लेकीसाठी ना? मग बोललात तेसुद्धा तिच्यासाठीच. देव काय अनोळखी आहे? इतके शुक्रवार ऐकतोय तुम्हाला."

वर्ग सुटायची वेळ झाली, पण कुणी उठेना. टेलरताई काकूंची पाठ चोळत बसल्या. बाईंनी चहा सांगितला, तो कुणी प्यायलं नाही. काकूंचा फोन माझ्या डोक्यावर होता. मी लाकडाची, पण जीव माझाही टांगणीला लागला होता. मी मनात म्हणत होते, सुतारदादा, तू मला ज्याच्या दारासाठी घडवलंस त्याला आज माझी एक शंका पोचव.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि फोन थरथरला.

"मदर! गर्ल! स्मॉल, स्मॉल, बट क्राय व्हेरी बिग! युवर डॉटर गुड. अवर डॉटर गुड!"

काकूंनी फोन छातीशी धरला. टेलरताईंनी गळ्यातला टेप काढून हवेत फिरवला. ड्रायव्हरकाका फळ्याकडे तोंड करून डोळे पुसत होते. बाईंनी चहा पुन्हा गरम करायला पाठवला.

पुढच्या शुक्रवारी काकू आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "नमस्कार सगळ्यांना!" वर्ग दचकलाच. लेक सुखरूप होती, मौन फिटलं होतं. पण काकूंना नेमाशिवाय करमतं थोडंच? म्हणाल्या, "नवीन नेम धरलाय. आता शुक्रवारी गप्प बसायचं नाही. ज्याला धीर हवा त्याच्याशी दोन गोड शब्द बोलायचे. येतील तसे."

"आता यांना गप्प कोण करणार!" टेलरताई म्हणाल्या आणि त्यांना मिठी मारली.

लेकीकडे निघायच्या आधी काकूंनी ओल्या फडक्यानं मला पुसलं. कोपऱ्यांतली धूळसुद्धा काढली. आता त्या तिकडे आहेत, लेकीच्या घरी, त्या एका स्वयंपाकघरात.

माझं वय झालंय. रंग उडालाय, एक बिजागरी नवी, एक जुनी. पण फट अजून तेवढीच रुंद आहे. सुतारदादाची ती चूक मला आता देणगीच वाटते. तुम्हालाही काही अडत असेल तर या, टाका चिठ्ठी. इथं कुणी हसत नाही. मात्र एक सांगते, सगळं पक्कं येईपर्यंत बोलायचं थांबू नका. पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं. मोडकं बोललात तरी त्याला पुरतं.

मागच्या शुक्रवारी बाईंनी माझ्यातून एक चिठ्ठी काढली. काकूंनी फोनवरून सांगितलेली, टेलरताईंनी लिहून टाकलेली. बाईंनी मोठ्यानं वाचली. "विहीणबाई विचारतात, 'ताई' म्हणजे इंग्रजीत काय? त्या दिवसापासून त्यांना तो शब्द सोडवत नाही. आता त्याही मला ताईच म्हणतात."

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली, मला हात लावला, कपाळाला टेकवला आणि चिठ्ठी परत माझ्यात सोडली. अजून ती माझ्या तळाशी आहे.