सुकन्याची बॅग मी तोलली

मी एक जुना लोखंडी काटा आहे, उदगीरच्या बाजारातला. माझ्यावर लाल आकडे चमकत नाहीत. एक लांब पितळी दांडी आहे, तिच्यावरचं वजन मागेपुढे सरकवायचं आणि दांडी सरळ थांबली की आकडा वाचायचा. वेळ लागतो थोडा. पण मित्रांनो, पन्नास वर्षांत मी एकदाही खोटं बोललेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचा बोल काही लोकांनी मलाच लावला.

मला विकत घेतलं ते सिद्रामप्पांच्या वडिलांनी. दुकान डाळींचं. तूर, हरभरा, मूग, उडीद, सगळं माझ्या अंगावरून गेलं. दरवर्षी सरकारी माणूस येऊन मला तपासायचा, शिक्का मारायचा आणि "काटा म्हणजे काटा आहे!" असं म्हणून चहा पिऊन जायचा. तेव्हा मी जरा फुगायचो. पुढे गल्ल्याजवळ इलेक्ट्रॉनिक काटा येऊन बसला आणि मला मागे, पोत्यांच्या थप्पीशेजारी सरकवलं. माझ्यावर धूळ साचली. सोबतीला उरली फक्त नागुबाई. ती माझ्याच बाजूला सूप घेऊन बसायची आणि दिवसभर डाळ पाखडायची.

सिद्रामप्पांची एकुलती एक मुलगी सुकन्या. लहानपणी ती माझ्यावर उडी मारून उभी राहायची आणि खाली उतरायचं नाव घ्यायची नाही. ती शिकली, लातूरला कॉलेजात गेली आणि एक दिवस बातमी आली, की पुढच्या शिक्षणासाठी तिला लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. मलाही कुंकू लावलं, ते का, हे त्यांनाच ठाऊक.

निघायच्या आदल्या दिवशी तिची मोठी निळी बॅग माझ्याकडे आली. विमानात तेवीस किलो न्यायला परवानगी होती. सुकन्या म्हणाली, "अप्पा, दुसऱ्या कुणाचा भरोसा न्हाई, तुमीच तोला."

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो. धान्याचं पोतं तोललं, की पोत्याचं स्वतःचं वजन वजा करायचं. त्याला बारदाना म्हणतात. गिऱ्हाइकाला माल द्यायचा, पोतं नाही. चाळीस वर्षं अप्पांनी हेच केलं होतं. त्यांनी आधी रिकामी बॅग माझ्यावर ठेवली. चार किलो. मग भरलेली ठेवली. माझी दांडी सत्तावीसवर थांबली.

"सत्तावीस. बारदाना चार वजा," अप्पा मोठ्या अभिमानाने म्हणाले, "माल बरोब्बर तेवीस!"

मी सत्तावीसच सांगितलं होतं हो. पण विमानवाले बॅगही तोलतात, हे त्या दुकानात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ना अप्पांच्या, ना सुकन्याच्या, ना माझ्या.

हैदराबादच्या विमानतळावर काय झालं, ते दुसऱ्या दिवशी सुकन्याची आई दानम्मा नागुबाईला रडत सांगत होती. चार किलो जास्त भरले. मागे लांब रांग, लोक बघत उभे. सुकन्याने सगळ्यांसमोर बॅग उघडली. ज्वारीचं पीठ काढलं, शेंगांच्या चटणीचा डबा काढला, आणि शेवटी जुन्या लुगड्यांची, आईने शिवलेली जाड वाकळ काढली. रांगेतलं कुणीतरी हसलं. पोरीला रडू फुटलं आणि रडता रडता ती बापाला म्हणाली, "अप्पा, जन्म गेला तुमचा काट्यापुढं, आन् माझी एक बॅग तोलता आली न्हाई तुमाला?"

वाकळ खांद्यावर टाकून अप्पा परत आले.

मित्रांनो, त्या दिवसापासून अप्पा माझ्याजवळ येऊन बसू लागले. सुकन्याचा फोन रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास यायचा. तिकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी असायची. दानम्मा मागच्या घरातून दुकानात यायची आणि पोत्यावर बसून बोलायची. खोली किती लहान आहे, बाहेर किती गारठा आहे, दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून आणि सुट्टीच्या दिवशी बेकरीत काम करून पाय कसे दुखतात, सगळं सुकन्या सांगायची. अप्पा माझ्या दांडीला हात लावून ऐकत उभे राहायचे. फोन चार पावलांवर असायचा.

"अप्पांना दे की," ती म्हणायची.

दानम्मा बघायची. अप्पा हात हलवायचे, "गिऱ्हाईक हाय म्हन."

दुकानात चिटपाखरूही नसायचं.

एकदा नागुबाईला राहवलं नाही. "सावकार, बोला की पोरीसंगं. किती दिस असं?"

"लई चिडली हाय ती, नागुबाई," अप्पा म्हणाले. "चूक माझीच हाय. जरा थंड होऊ दे, मग बोलतो."

थंडी वाढली तसं अप्पांनी ती वाकळ घडी करून कापडात शिवली. पार्सल माझ्यावर तीन वेळा ठेवलं, कापडासकट, आणि स्वतः जाऊन रवाना केलं. पंधरा दिवसांनी फोनवर सुकन्याचा आवाज नुसता नाचत होता. "अव्वा, वाकळ पोचली! काल किती दिवसांनी गाढ झोपले मी."

"तुझ्या अप्पानंच पाठवली बग. देऊ का त्यास्नी?"

"दे, दे!"

अप्पांनी धोतराला हात पुसले. दोन पावलं पुढे आले. मी जीव मुठीत धरून बघत होतो. मग ते थांबले, त्यांचा चेहरा पडला, आणि ते वळून थप्पीमागे गेले. दानम्माने नेहमीचंच उत्तर दिलं.

जानेवारीत एका सकाळी पोतं उचलायला वाकलेले अप्पा माझ्यावरच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्यांचं ओझं अंगावर घेतलं, पण त्या दिवशी माझी दांडी कुणी पाहिली नाही.

सुकन्याला पोचायला दोन दिवस लागले असते. लिंगायतांमध्ये देह बसवून नेतात, तो फार वेळ ठेवता येत नाही. भावकीने थांबायला नकार दिला. तिने बापाला फोनच्या पडद्यावरच पाहिलं. "एकदा फोन त्यांच्या कानाशी धरा," ती ओरडत होती. नागुबाईने धरला. सुकन्या काय बोलली, ते मला ऐकू आलं नाही.

अभ्यास पुरा करून ती ऑक्टोबरात परतली. दुकान बंदच होतं. शटर वर करून ती नागुबाईला घेऊन आत आली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"नागुमावशी, एक इचारू? अप्पा चार महिने माझ्याशी का बोलले न्हाईत?"

नागुबाई गोंधळली. "आता काय सांगू बाई! इमानतळावर तू जे बोललीस ना, काट्यापुढं जन्म गेला म्हनून, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. पोर चिडली हाय, म्हनायचे. जरा थंड होऊ दे, म्हनायचे."

सुकन्या तिच्याकडे बघतच राहिली. कपाळाला आठ्या घालून तिने आठवायचा प्रयत्न केला.

"मी असं बोलले होते?" ती म्हणाली. "मावशी, मला तर आठवत बी न्हाई."

मग ती रडली. अशी रडली, की नागुबाईलाही तिला जवळ घ्यायचं सुचेना.

मित्रांनो, मला गंज लागला तर तेल घाला किंवा भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण एवढं ऐका. तुमच्या घरातलं कुणी फोनवर यायचं टाळत असेल, तर कामात असतील म्हणून सोडून देऊ नका. नाव घेऊन बोलवा, हट्ट धरा, भांडा, पण आजच बोला. आणि तुम्हीच टाळत असाल, तर मी तुमच्या पाया पडतो, ती उरलेली दोन पावलं टाका.